कामाचा म्हातारा, ठेवणीतला म्हातारा

साखर कारखाने सुरू झाले की आमच्या कडेगावात भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही. पुण्यातल्या मित्रांना हे पटत नाही. "अरे, तुमच्याकडे रस्त्यावर ट्रॅक्टरशिवाय दुसरं काय दिसतं?" खरंय. नोव्हेंबरात कराडहून विट्याकडे एकदा येऊन बघा, दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे सरपटत कडेगाव गाठाल. पण ते सगळे उसाला जुंपलेले असतात. खेपा मोजणारा माणूस तुमच्या अर्ध्या एकर हरभऱ्यासाठी कशाला येईल? तो 'उद्या सकाळी येतो' म्हणतो, परवा फोन उचलत नाही, आणि तेरवापर्यंत वाफसा गेलेला असतो. (वाफसा म्हणजे ना चिखल ना ढेकळं, अशी पेरणीजोगी ओल. दोन-तीन दिवसांचा पाहुणा.)

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय ६९. शेत साडेतीन एकर, बैलजोडी केव्हाच विकलेली. गेल्या दोन वर्षांत दोनदा वाफसा हुकला. मी म्हटलं, नवा ट्रॅक्टर घेऊ, हप्ता मी भरतो. ते म्हणाले, "साडेतीन एकराला सात लाखांचं जनावर? आरं, ते बसूनच खाईल." आणि मग सहज म्हणावं तसं, "जुना बघू की एखादा. नांगरट भाड्यानं करू. कुळवाच्या पाळ्या, खोडव्याच्या बगला फोडायच्या, शेणखताची ट्रॉली... एवढंच तर हाय."

'जुना' हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले. जुन्या यंत्रांचं मला वेड आहे. आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ मी अजून वापरतो. त्यामुळे बजेट दीड लाख, काम हलकं, आणि जमल्यास यंत्र असं की पोरांना अभिमानानं दाखवता यावं, अशी रिक्वायरमेंट ठरली. रिक्वायरमेंटमध्ये 'जमल्यास' आलं की काय होतं हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.

चार रविवार फिरल्यावर यादीत दोनच उरले.

पहिला इंटरनॅशनल बी-२७५. हे डिझाइन इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचं, तिकडे तो १९५८ साली आला. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर बनायला लागला. पुढे १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर, आठ पुढचे गिअर, दोन मागचे. त्याच घराण्याचं डिझेल इंजिन महिंद्राच्या काही जीपमध्येही बसलं, म्हणजे आमच्या भागात वडापात दाटीवाटीनं बसलेल्या कित्येकांनी नकळत या इंजिनाचा आवाज ऐकलाय. २७५ हा आकडा तर महिंद्राच्या नव्या ट्रॅक्टरवर आजही दिसतो.

दुसरा एचएमटी २५११. हो, तीच घड्याळवाली एचएमटी! १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या मोटोकोव्हशी करार करून हरयाणात पिंजोरला त्यांनी झेटॉरच्या बनावटीचे ट्रॅक्टर करायला घेतले. दोनच सिलिंडर, २५ हॉर्सपॉवर, आणि तो ठक्-ठक् आवाज. एकदा ऐकला की विसरत नाही. २०१६ मध्ये सरकारनं हा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला.

आज देशात वर्षाला लाखांनी ट्रॅक्टर विकले जातात, म्हणून त्या काळाची कल्पना येत नाही. १९६१-६२ मध्ये भारतात सगळे मिळून ८८० ट्रॅक्टर बनले होते. नंतरही बरीच वर्षं नंबर लावून थांबावं लागे, भूविकास बँकेचं कर्ज काढावं लागे, आणि ट्रॅक्टर दारात आला की त्याची पूजा बघायला गाव जमे. अण्णांनी कॉलेज सोडल्यावर दोन हंगाम पगारी ड्रायव्हर म्हणून ट्रॅक्टर चालवलाय, तो एचएमटीच होता. हे मला एचएमटी बघायला गेल्यावर कळलं, तेही मालकाकडून. अण्णा काहीच बोलले नाहीत. नुसते मडगार्डवरून हात फिरवत उभे राहिले.

तर आता मजा बघा. संग्राहकाच्या नजरेनं हा सामना नव्हताच. एचएमटी चिंचेखाली उभा होता, मूळ रंग उडालेला पण दुसरा हात न मारलेला, बॉनेटवरची अक्षरं जागेवर, कंपनीची पाटी शाबूत. मालक ७५ हजार म्हणत होते. बी-२७५ ला तिसऱ्यांदा लाल रंग दिलेला, सीट कुठल्याशा दुसऱ्या ट्रॅक्टरची, आणि पुढच्या जाळीवर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. मागणी १ लाख ३० हजार.

आमचे मेस्त्री मात्र दोन्हीकडे तोच चेहरा घेऊन गेले. त्यांची एक अट होती, जायचं तर पहाटे सहाला. "मालकानं आधी गरम करून ठेवला तर काय कळतंय दादा?" गेल्या गेल्या इंजिनावर तळहात ठेवायचा आणि गार असेल तरच पुढचं बोलायचं. चालू झाल्यावर ब्रीदरमधून धूर फुंकतोय का, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे बघायचं. मग कुळव उचलून इंजिन बंद करायचं आणि बिडी ओढत बसायचं. बिडी संपायच्या आत कुळव जमिनीला टेकला तर लिफ्टचं काम निघालं. शेवटी स्टिअरिंग हलवायचं आणि चाक कधी हलतं ते पाहायचं. एकही मीटर न लावता एवढं टेस्टिंग! बी-२७५ हिटर तापवल्यावर दुसऱ्या प्रयत्नात उठला. (इंग्लंडात हे मॉडेल थंडीत चालू होईना म्हणून बदनाम होतं, कडेगावच्या थंडीत त्याची तेवढी पंचाईत होत नाही.) एचएमटी पहिल्याच फटक्यात सुरू झाला आणि कुळव बिडीभर हवेत राहिला. फक्त कागद मालकाच्या वारलेल्या भावाच्या नावावर होते आणि वारस चार गावांत.

परत येताना मी गाडीत एचएमटीची वकिली केली. स्वस्त आहे, तब्येतीनं ठणठणीत, शिवाय इतिहास! मेस्त्री म्हणाले, "घ्या की. पण पार्टला मला हरयाणा-पंजाबात फोन लावावा लागंल. ह्या तांबड्याचं लायनर-पिस्टन मी सांगलीतनं सांजच्याला आणतो." आमच्या भाषेत सांगायचं तर एकाचा सपोर्ट संपलाय, दुसऱ्याची कम्युनिटी अजून जिवंत आहे.

पण निर्णय पार्टवर झाला नाही. तो झाला अण्णांच्या गुडघ्यावर.

मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत असणार. ट्रॅक्टर चालवणार अण्णा, एकटे. एका शनिवारी त्यांना दोन्हींवर बसवलं आणि नुसतं चढणं-उतरणं बघितलं. दोन्हीकडे डावा पाय टाकून अंग वर ओढायला धड धरायला काही नाही. पीटीओचा शाफ्ट उघडा, धोतराचा सोगा किंवा टॉवेल अडकला की संपलं. गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो. उलटलाच तर डोक्यावर काही नाही. आणि आमच्याकडे ट्रॅक्टर उलटतात, बातमी दोन ओळींची असते. ट्रॉलीची ओढ मागच्या आसापेक्षा वरून बसली, की चढाला पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पडतो, माणसाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडायची ती यासाठी.

म्हणजे कुठलाही घेतला तरी त्यात बदल करावे लागणारच होते. चढायला दांडी आणि खाली एक पायरी, पीटीओवर झाकण, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून स्विच, नवी सीट, पट्टा, आणि मागे आसाच्या घरावर बोल्टनं बसवलेला जाड रोल बार. पट्टा नसेल तर बारचा उपयोग अर्धाच. आता सांगा, पन्नास वर्षं कुणी हात न लावलेल्या एचएमटीला ड्रिल कसं मारायचं? २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, त्यातही दुचाकी-चारचाकी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, आणि अशी नोंद झालेली गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. ट्रॅक्टरचं जाऊ द्या, त्यामागचा विचार मला पटतो. ठेवणीतली वस्तू जशी आहे तशी ठेवायची असते आणि कामाची वस्तू माणसाच्या मापानं कापायची असते. माझ्या मते जुना ट्रॅक्टर कामाला हवा असेल तर दोघांतला कमी दुर्मिळ घ्यावा. तिसऱ्यांदा लाल झालेल्या, 'आई-बाबांचा आशीर्वाद' मिरवणाऱ्या बी-२७५ ला भोक पाडताना माझा हात थरथरणार नव्हता.

अण्णांना हे सगळं समजावून सांगायची तयारी करून बसलो होतो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "एचएमटीचा पार्ट येईपत्तुर माझा हरभरा वाळंल. तांबडा घ्या." संपलं.

१ लाख १८ हजारांत सौदा झाला. आरसी माझ्या नावावर करायला दोन चकरा पडल्या. मागचे टायर, बॅटरी, सीट आणि लोखंडकाम धरून खर्च बजेटच्या बाहेर कुठवर गेला ते बायकोला आकड्यात सांगितलेलं नाही. रोल बारसाठी मात्र घासाघीस केली नाही. सिंगल क्लच असल्यामुळे रोटाव्हेटर लावायचा नाही असं ठरलंय, कारण क्लच दाबला तरी फिरत्या रोटाव्हेटरची गती ट्रॅक्टरला पुढे ढकलते. अण्णांनी यंदा हरभरा वाफशावर पेरला. शेजारचे दोघं 'आमच्याबी दोन पाळ्या मारा' म्हणून येऊन गेले आणि अण्णा त्यांना भाडं सांगताना इतके खुशीत होते की विचारू नका.

एचएमटी अजून चिंचेखाली आहे. भंगारवाला किलोच्या भावानं मागतोय. मी मालकांना पाडव्यापर्यंत थांबा म्हटलंय, वारसांच्या सह्या जमवायला त्यांना तेवढा वेळ लागेलच. बायको म्हणते, "दोन? आणि हा तर कामाचाही नाही!" यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. पुण्यात दोन-तीन जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना फोटो पाठवलेत, त्यांतला एक थोडा हललाय.

गेल्या बुधवारी मालकांचा फोन आला. सह्यांचं सांगितलं, आणि मग म्हणाले, "बाकी ते ताडपत्रीचं बरं केलंत, परवा अवकाळी झोडपून गेला." कसली ताडपत्री? "आवो, तुमचं वडील आलतं न्हवं सोमवारी. नवी कोरी घेऊन. दोरीनं बांधून गेलं चांगली." मी अण्णांना अजून विचारलेलं नाही.