वेंगुर्ल्याला गेलात तर

मैत्रिणींनो, मे महिन्याच्या सुटीत कोकणात जायचा बेत आहे ना? मग वेंगुर्ल्याचं दीपगृह, जुन्या डच वखारीचे अवशेष आणि सागरेश्वरचा किनारा तुम्ही पाहालच. पण एक सकाळ राखून ठेवा आणि परवानगी काढून आसपासचा एखादा छोटा काजू कारखानाही बघून या.

शिऱ्यावर आपण सहज पेरतो तो काजूगर किती हातांतून येतो, ते तिथे कळतं. बी आधी वाफवायची, मग यंत्रावर एकेक करून फोडायची. टरफलातला चीक लागला तर कातडी भाजते, म्हणून हाताला तेल चोळायचं नाहीतर मोजे घालायचे. मग गर सुकवायचा, साल सोलायची आणि अख्खे, पाकळी, तुकडा असं निवडायचं. चार किलो बी फोडावी तेव्हा जेमतेम किलोभर गर हाती येतो! आणि हे फोडणं-सोलणं बहुतेक बायकांच्याच हातचं.

कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. 1982 च्या संपानंतर तो आधार ढासळला. म्हणूनच गावातल्या गावात मिळणाऱ्या अशा कामाचं मोल मोठं.

कारखाना काढायला पैसा कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. 1978 पासून देशात जिल्हा उद्योग केंद्रं निघाली ती याचसाठी. 2008 साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 2022 च्या नियमांत बाईने स्वतःचे 5 टक्के घालायचे, बाकीचं बँकेने द्यायचं आणि खेड्यात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदान, अशी सोय होती. म्हणजे खेड्यातल्या 10 लाखांच्या कारखान्यात आपले 50 हजार, अनुदान साडेतीन लाख आणि फेडायचे 6 लाख, व्याज वेगळं.

पण बरं का, हे अनुदान रोख हातात पडत नाही. ते तीन वर्षं बँकेत राहतं आणि धंदा चालू आहे असं पाहिल्यावरच कर्जात वळतं होतं. आणि खरी ओढाताण यंत्राची नसते, बियांची असते. काजूचा हंगाम उन्हाळ्यातले दोन-तीन महिने. वर्षभर काम चालवायचं तर बी तेव्हाच भरून ठेवायला हवी. तो पैसा नसला की यंत्रं गप्प, आणि फोडणाऱ्या बायका घरी. तेव्हा कुणी बहीण-भावजय असा उद्योग काढायला निघाली, तर तिला यंत्राआधी बियांचा हिशेब मांडायला सांगा. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी उद्योग केंद्रात चौकशीही करायला लावा.

आणि हो, निघताना तिथलेच काजू घ्या. घासाघीस मात्र जरा बेतानेच करा!