अप्पांची बाटली

गेल्या रविवारी नव्या घराची वास्तुशांत झाली. गिरगावातच, एकोणिसाव्या मजल्यावर. पाहुणे गेल्यावर आईने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली. म्हणाली, "अप्पांची आहे. आता उघडा."

२००५ ला चाळीच्या पुनर्विकासाचा करार झाला, तेव्हा अप्पांनी पणजीहून पोर्ट वाईन आणली होती. (परवाना होता का, ते विचारू नका.) बिल्डर म्हणाला होता, तीन वर्षं. अप्पा म्हणाले, "चावी मिळेल त्या दिवशी पिऊ. वाईन जितकी जुनी तितकी भारी!"

तीनाची वीस वर्षं झाली. दोन भाड्याची घरं, एक ट्रान्झिट कॅम्प, अठरा महिने थकलेलं भाडं. २०१६ ला अप्पा गेले. बाटली प्रत्येक घरात पोटमाळ्यावर उभीच.

ओतली. रंग तपकिरी, वास जळक्या गुळाचा, चव आंबट आणि पाणचट. दादाने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. कुणीच काही बोललं नाही.

रात्री वाचत बसलो. पोर्ट मूळची पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं कडक मद्य घालतात. आंबणं थांबतं, गोडी राहते, अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. त्यातली टॉनी लाकडी पिंपात मुरते. बाटलीत भरली की ती पिण्यासाठीच. बाटलीत वीस-तीस वर्षं मुरते ती मोजकी व्हिंटेज पोर्ट. तीही अंधारात, आडवी, बारा-पंधरा डिग्रीत. आपली गोव्याची साधी पोर्ट तर आणावी आणि प्यावी अशी. गंमत म्हणजे मदेरा बेटावरची वाईन जहाजातून हिंदुस्थानपर्यंत जाऊन परत यायची आणि त्या उष्णतेने उलट सुधारायची. पण ती पिंपात होती. आमची मे महिन्यात पत्र्याखाली.

नुसतं ठेवून दिल्याने काही मुरत नाही, खराब होतं. चाळकऱ्यांना मात्र प्रत्येक मीटिंगमध्ये हेच ऐकवतात, "अजून थोडं थांबा."

लालबाग, परळ, दादरला ज्यांचे करार आत्ता होतायत त्यांना कळकळीने सांगतो. ताब्याची तारीख लिहून घ्या. भाडं थकलं तर काय, याचं कलम घ्या. बँक गॅरंटी मागा. आपल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणि घरात अशी एखादी बाटली असेल तर म्हातारी माणसं आहेत तोवर उघडा. चावीची वाट बघू नका.