मायफळाच्या शाईस अनावृत पत्र

मायफळाच्या शाईस,



पणजीच्या पुराभिलेखागारातले सतराव्या शतकातले कागद पाहिले की तुझ्याबद्दल राग आणि कृतज्ञता एकदमच दाटून येतात. ते कागद आज वाचता येतात ते तुझ्यामुळे, आणि संपत चालले आहेत तेही तुझ्यामुळेच.

तुझी घडण साधी. पश्चिम आशियातल्या ओकच्या डहाळीत एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं. ती गाठ म्हणजे मायफळ. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात तेच. मायफळाचा तुरट अर्क, हिराकस हा लोहाचा क्षार, बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी, एवढ्यावर युरोपने मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत आपला कारभार लिहिला. लिहिताना तू फिकट असतेस, हवा लागली की काळी होतेस आणि कागदात अशी मुरतेस की खरवडल्याशिवाय निघत नाहीस. करारांना, हुकूमनाम्यांना अशीच शाई हवी होती. आपली मोडी दप्तरं बहुतेक काजळाच्या शाईतली. काजळ कागदावर नुसतं बसतं. पाणी लागलं तर पसरतं, पण कागदाला खात नाही.

गोव्यात तू पोर्तुगीजांबरोबर आलीस. १५९५ साली तिथे दप्तरखाना उभा राहिला आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रखवालदार झाला. मोसमी वाऱ्यांवर लिस्बनहून जहाजं यायची, त्यांतून राजाची पत्रं यायची, इथून उत्तरं जायची. त्या पत्रव्यवहाराची बाडं बांधली गेली. त्यांतले ६२ खंड १७७७ मध्ये लिस्बनला हलवले, बाकीचे गोव्यातच राहिले. १६८३ साली संभाजी महाराज गोव्याच्या तोंडाशी येऊन ठेपले, तेव्हा तिथल्या राज्यमंडळात कोण काय बोललं तेही तूच लिहून ठेवलंस. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य या दप्तरात घातलं. राज्यमंडळाचे ठराव त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात पाच खंडांत छापले, आणि १९६७ साली त्यांचं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक मराठीत आलं. त्यांनी छापलं तेवढं सुखरूप आहे. न छापलेलं त्याच्या कितीतरी पट आहे.

आता तुझी करणी. पान उजेडासमोर धरलं की आधी दिसते अक्षरांभोवतीची तपकिरी छटा. पाठीमागच्या ओळी पुढे उमटलेल्या असतात, दोन्हीकडचा मजकूर एकमेकांत गुंततो. पिसाच्या टाकावर जिथे जोर पडला, शाई जाड उतरली, तिथे बारीक तडा जातो. मग रोमन ‘o’सारख्या बंद वळणाच्या अक्षराचा आतला ठिपका गळतो, मागून अख्खं अक्षर आणि शेवटी अख्खा शब्द. उरते ती शब्दाच्या आकाराची खिडकी. लिहिणाऱ्याने ज्या नावावर जोर दिला, तेच बहुधा आधी जातं.

तू हे दोन वाटांनी करतेस. मायफळाचा अर्क आणि हिराकस एकत्र आले की गंधकाम्ल तयार होतं. ते कागदाचे तंतू तोडतं. शिवाय बनवणाऱ्याने हिराकस सढळ हाताने घातलं असेल, तर जास्तीचं लोह तुझ्यात मोकळं राहतं आणि हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने तंतू जाळत सुटतं. दमट हवेत दोन्ही कामं जोरात चालतात. आणि तुझी घरं मांडवीच्या काठी, जिथे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात!

तुला आवरायचे प्रयत्न जुने आहेत. १८९८ साली व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एहर्ले यांनी सेंट गॅलनला परिषद भरवली, ती जीर्ण हस्तलिखितांसाठीच. कुणी पानांना जिलेटिन लावलं, कुणी रेशमी जाळी चिकटवली. पुढे सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा चढवायची पद्धत आली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने यंत्राशिवाय, ॲसिटोनने, हाताने तो चढवायची रीत बसवली. त्या काळी हाती तेवढंच होतं आणि त्यामुळे पुष्कळ कागद एकसंध राहिले, हे मान्यच करायला हवं. पण आम्ल आणि लोह त्या पापुद्र्याच्या आत तसंच राहिलं. बर्लिनमधल्या बाखच्या स्वरलिपीचे कागद तर जाडीतून उभे चिरून दोन पदर केले, मध्ये पातळ मजबूत कागद घातला आणि पदर पुन्हा जुळवले. वाचतानाही छातीत धस्स होतं.

मला सगळ्यात भीती वाटते ती घाईच्या डागडुजीची. पान फाटलंय म्हणून कुणीतरी सद्हेतूने खळ लावून ठिगळ चिकटवतो. त्या खळीतल्या पाण्याबरोबर तुझं मोकळं लोह आजवर धड राहिलेल्या कागदात पसरतं, आणि काही वर्षांनी ठिगळाच्या कडेने नवा तपकिरी डाग उमटतो. हे टाळायला आधी विचारायचं असतं, आणि विचारायची सोय आहे: बॅथोफेनँथ्रोलिन लावलेली कागदी पट्टी किंचित ओली करून अक्षरावर टेकवायची. गुलाबी झाली तर लोह अजून मोकळं आहे. मग अगदी पातळ जपानी कागदाला जिलेटिन लावून, वाळवून, जेमतेम चिकटेल इतकाच ओलावा देऊन तडा सांधायचा. पान पाणी सोसणारं असेल, तर नेदरलँड्समध्ये योहान नीव्हल यांनी नव्वदच्या दशकात पुढे आणलेला उपाय आहे. धान्याच्या कोंड्यात असणाऱ्या फायटिक आम्लाचं कॅल्शियम फायटेट मोकळं लोह बांधून टाकतं, आणि नंतरची कॅल्शियम बायकार्बोनेटची आंघोळ आम्ल मारते. पण बांधलेलं बाड त्यासाठी उसवावं लागतं, एकेक पान हाताळावं लागतं. हजारो पानांच्या दप्तरात हे सरसकट होणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

म्हणून लोक म्हणतात, फोटो काढा आणि मोकळे व्हा. फोटो काढायलाच हवेत, आणि ताबडतोब. मोकळं व्हायला मात्र मी तयार नाही. हिराकस कधीच निव्वळ नसायचं. त्यात तांबं, जस्त कमीजास्त असायचं. क्ष-किरणांनी ते प्रमाण मोजलं की एकाच पानावरच्या दोन ओळी एकाच दौतीतल्या की वेगवेगळ्या, हे पुष्कळदा कळतं. तहाच्या मसुद्यात समासातलं कलम मागाहून घुसडलं का, याची साक्ष तुझ्याजवळ आहे. ती फोटोत उतरत नाही.

तेव्हा मागणं सरकारकडे आहे, तुझ्या साक्षीने. पट्ट्या आणि जपानी कागद फार महाग नाहीत. ते वापरणारा शिकलेला हात दुर्मीळ आहे. पणजीत अशा माणसांच्या कायम जागा हव्यात, कंत्राटावरच्या नकोत. बाडांच्या खोल्यांतला दमटपणा बाराही महिने आटोक्यात हवा, वीज गेली तरी. आणि पट्टी लावून पाहिल्याशिवाय एकाही पानाला खळ लागता कामा नये.



तुझी अक्षरं वाचणारा एक वाचक