धाकट्याच्या डोक्याचा मार

आज सोयाबीनवर लिहीत नाही. तुमचा धाकटा भाऊ बोलत का नाही, असं बरेच जण विचारतात. म्हणून एकदाच सांगून टाकतो.

तीन वर्षांपूर्वी बाजारातून येताना त्याची गाडी घसरली. हेल्मेट नव्हतं, मार कपाळाला. बारा दिवस आयसीयूत होता. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. घरी आणला तेव्हा पेढे वाटले आम्ही. पण मजुराला कधी अरेतुरे न करणारा माणूस जेवणाचं ताट भिरकावायला लागला. अर्धी पेरणी टाकून लिंबाखाली बसायचा. भावजय रडत म्हणाली, "दादा, हे आमचे ते नव्हंत." गावात कोणी दारू म्हणालं, कोणी करणी.

डॉक्टरांनी समजावलं, कपाळामागचा मेंदू राग आवरतो, कामाचा क्रम लावतो. तिथं मार बसला की ब्रेक ढिला होतो. माणूस मुद्दाम करत नाही, आणि आपण बदललो हे पुष्कळदा त्यालाच कळत नाही.

पुतण्यानं मोबाईलवर एक जुनी हकिगत वाचून दाखवली. १८४८ साली अमेरिकेत फिनीस गेज नावाचा रेल्वेचा मुकादम सुरुंग ठासत होता. पहार गालातून शिरून डोक्यातून पार गेली. गडी जगला, पण शिवराळ झाला, जुन्या मालकानं परत घेतलं नाही. पुढं त्यानंच चिली देशात काही वर्षं घोडागाडी हाकली! रोजच्या ठरलेल्या कामानं तो सावरला असावा, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. मला ते पटलं. बैलसुद्धा रोजच्या वाटेनं बिनबोभाट चालतो.

मग त्याला काम बांधून दिलं. पाचला म्हशीची धार, नंतर ठिबकचे चार कॉक. कॉकांना वेगवेगळे रंग दिले, क्रम भिंतीवर लिहिला. एका वेळी एकच काम सांगायचं. चिडला की वाद घालायचा नाही, आपण उठून जायचं. जत्रेच्या गोंगाटात नेत नाही. गोळ्या चालू आहेत.

ताट भिरकावणं थांबलंय. हिशोब अजून जमत नाही. पाहुणे वाटणीचा लकडा लावतात, पण कागद पुढं केला की तो न वाचता सही करतो. ती भीती मोठी. वाटणीचं मी लांबवतोय, भावजयीलाही तेच पाहिजे.

परवा पाईप फुटला. त्यानं आपणहून तिसरा कॉक बंद केला आणि मला हाक मारली. भिंतीवर हे लिहिलेलं नव्हतं.

बांधावर भेटला तर एकच गोष्ट विचारा, उत्तराला वेळ द्या. व्यवहाराचं मात्र माझ्याशी बोला.