लाँगवुडचा रस्ता

बॉस्टन नगरीस गेलेला प्रवासी बहुधा तेथील बंदर व जुनी प्रार्थनामंदिरे पाहून परततो. परंतु मानवी श्वासाचे मोल ज्यास जाणावयाचे असेल, त्याने ट्रामने हंटिंग्टन मार्गाने लाँगवुड भागात अवश्य जावे. हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयाच्या शुभ्र संगमरवरी इमारती व बालकांचे प्रख्यात रुग्णालय येथे शेजारीशेजारी उभी आहेत.

१९६३ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष केनेडी यांचा नवजात पुत्र पॅट्रिक याला याच रुग्णालयात आणिले गेले. तो सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला होता. जन्मताच त्याचा बाप्तिस्मा झाला होता, पण श्वास काही केल्या स्थिरावेना. अधिक दाबाच्या प्राणवायूने भरलेल्या पोलादी कक्षात त्याला ठेविले. तथापि अवघ्या ३९ तासांचे ते आयुष्य ९ ऑगस्टच्या पहाटे संपले. कार्डिनल कुशिंग यांनी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली. बलाढ्य राष्ट्राचा अधिपती जवळ असूनही पुत्राला श्वास देऊ शकला नाही.

वास्तविक या रोगाचे मूळ १९५९ मध्ये हार्वर्डमध्येच डॉ. मेरी एलन एव्हरी व डॉ. मीड यांना सापडले होते. फुफ्फुसांतील सूक्ष्म वायुकोश मिटू नयेत म्हणून निसर्ग त्यांना एका स्निग्ध द्रव्याचा लेप देतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो पुरेसा नसतो; म्हणून प्रत्येक उच्छ्वासासरशी वायुकोश मिटतात आणि पुढचा श्वास पहिल्याइतकाच कष्टाचा होतो. असे बाळ कण्हते, ते कंठ आवळून थोडी हवा आत धरून ठेवण्यासाठीच!

बाळाच्या या धडपडीला हातभार लावणारा उपाय १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ग्रेगरी यांनी प्रसिद्ध केला. हवेचा सौम्य दाब अखंड ठेवून त्यांनी वायुकोश उघडे राखिले. २० पैकी १६ बालके वाचली. पुढे १९८० मध्ये जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी तो लेपच श्वासनलिकेतून देण्यात यश मिळविले.

आज आपल्याकडील रुग्णालयांतही बाळाच्या नाकाशी नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात बुडविलेले दिसते. टोक ५ सेंटिमीटर खोल असेल, तर तेवढ्याच पाण्याचा दाब फुफ्फुसांना मिळतो. ते बुडबुडे पाहून मातेने भिऊ नये. भ्यावे ते घरी कण्हणाऱ्या, छाती आत ओढून श्वास घेणाऱ्या बाळाला थांबवून ठेवण्यास. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

१९७४ मध्ये डॉ. एव्हरी लाँगवुडच्या त्याच बालरुग्णालयाच्या प्रमुख वैद्य झाल्या. ज्या दारातून पॅट्रिकला नेले, त्याच दारातून तेव्हापासून कितीतरी माता श्वास घेणारी बाळे कुशीत घेऊन बाहेर पडल्या आहेत.