खडू आणि रॉकेल

आमच्या खान्देशात पाळण्याचं वर्ष आश्विनात सुरू होतं. पारोळ्याच्या बालाजी महाराजांचा रथ दसऱ्याच्या मागोमाग निघतो, तो पहिला मुक्काम. मग कार्तिकी एकादशीला जळगावचा रामरथ, मार्गशीर्षात सारंगखेड्याचा घोडेबाजार, पौषात माहेजी, चैत्रात धुळ्याची एकवीरा आणि वैशाखात अमळनेरला बोरीच्या वाळूत सखाराम महाराजांची यात्रा. अमळनेर आटोपलं की पाळणा उतरवायचा, ट्रकवर लादून पारोळ्याला आणायचा आणि पावसाळाभर गोदामात टाकून द्यायचा. भाद्रपदात गोदाम उघडलं की ओल्या गंजाचा वास यायचा. पितृपक्षात बाकीचे धंदे मंद असतात. आमची दुरुस्ती तेव्हाच चालायची.

आमची म्हणजे चाचांची. मी हाताखालचा पोऱ्या. वडील जिनिंगमध्ये कामाला होते, आणि जिनिंग कापसाच्या हंगामापुरतं चालतं. तेव्हा शाळा सुटल्यावर दोन पैसे मिळवणं घरात कुणाला गैर वाटत नव्हतं. चाचा फिटर. शिक्षण किती होतं ते मी कधी विचारलं नाही. घरात उर्दूमिश्रित हिंदी, कामावर अस्सल अहिराणी. गोदामातला एकेक भाग बाहेर काढून ते आधी नुसते बघत बसायचे. मालक येऊन विचारायचा, काम कधी सुरू करणार? चाचा म्हणायचे, सुरूच आहे.

उभ्या पाळण्यात मोठी दिसतात ती चाकं, पण माणसाचा जीव असतो पिनांवर. प्रत्येक खुर्ची दोन पिनांवर टांगलेली. अंगठ्याहून जराशी जाड पिन, तिच्या टोकाला स्प्लिट पिन, आणि त्यावर कुणाची तरी लेकरं. पिनांची परीक्षा चाचा खडू आणि रॉकेलने करायचे. पिन वाळूच्या कागदाने घासून लख्ख करायची आणि रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवायची. मग काढून फडक्याने अगदी कोरडी पुसायची आणि तिच्यावर खडूची पूड चोळायची. पोलादाला केसाएवढी चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत गाड्यांच्या आसांसाठी हीच पद्धत वापरत असत. चाचांनी ती बहुधा भुसावळकडच्या कुणाकडून उचलली असावी. खडू मी शाळेतून आणायचो. त्याबद्दल गुरुजींची आजवर कधी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही.

दुसरी परीक्षा तारेच्या दोराची. पाळणा उभा करायला आणि ताणायला हे दोर लागत. कापसाचा बोळा मुठीत धरून तो दोरावरून हलक्या हाताने ओढत न्यायचा. कुठे एखादी तार तुटून वर आली असेल तर तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. डोळ्याला न दिसणारी तार कापसाला सापडते. आमच्याकडे कापसाला तोटा नव्हता.

पाळणा उभा राहिला की खुर्च्यांत सरकीची पोती ठेवून तो फिरवायचा. पोती भरतानाही समोरासमोर, म्हणजे चाकाचा तोल राहतो. फिरवून झाला की पिना पुन्हा काढायच्या, पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. लोकांना हा दुसरा फेरा वेडेपणा वाटायचा. “वर मानूस बठस, सरकी नही,” असं चाचा एकदाच म्हणायचे आणि कामाला लागायचे.

एका वर्षी हा दुसरा फेरा नेमका दसऱ्याच्या दिवशी आला. आम्ही पिना पुसत होतो आणि एका पिनेवर रेघ उठली. आखूड, पण खांद्यापाशी, जिथे सगळा भार येतो तिथे. शिल्लक पिन नव्हती. नवी करायची तर लेथ हवा, आणि दसऱ्याला लेथ चालवणार कोण? पारोळ्यात दोन ठिकाणी गेलो. यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या, नारळ फोडलेले, आज हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या पान्यांच्या पेटीवरही मालकाने सकाळीच फूल ठेवलेलं होतं. चाचांनी धुळ्याला जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला. तिथूनही तेच उत्तर आलं.

मालकाचं म्हणणं होतं, एवढ्याशा रेघेने काय होतंय, ती खुर्ची हलक्या लोकांना द्या. रथाची संध्याकाळ म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कमाईपैकी एक. चाचांनी ती खुर्ची उतरवली. एक उतरवली की तोल जातो, म्हणून तिच्या समोरचीही उतरवली. दोन खुर्च्या कमी म्हणजे प्रत्येक फेरीला चार-सहा तिकिटं कमी. मालक जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिशेबाच्या वेळी त्याने चाचांची मजुरी कापली. चाचांनी पैसे मोजून घेतले आणि काही बोलले नाहीत. मला मात्र राग आला होता, तो पुष्कळ दिवस टिकला. मालकाचा आला होता तसाच थोडा चाचांचाही, कारण माझी मजुरी त्यांच्या मजुरीतूनच निघायची.

दहावीनंतर मला जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र शाखेला प्रवेश मिळाला. प्रवेश पावसाळ्यात. पावसाळ्यात जिनिंग बंद आणि वडिलांचा हात रिकामा. सावकाराकडे जायचं ठरत होतं. एका संध्याकाळी चाचा आमच्या ओट्यावर आले, चहा घेतला, आणि फी व खाणावळीच्या आगाऊ रकमेइतके पैसे वडिलांपुढे ठेवले. अमळनेरच्या यात्रेचे, म्हणाले. पावसाळ्यात पाळणाही बंदच असतो, हे वडिलांना कळत होतं, मलाही कळत होतं. त्या वर्षी चाचींनी दोन बकऱ्या विकल्या, हे मला नोकरीला लागल्यावर समजलं, तेही चाचींच्याच तोंडून, बकऱ्यांच्या दुधाचा विषय निघाला म्हणून.

नोकरी लागली ती रोपवेच्या देखभालीची. काही वर्षं इकडेतिकडे काढल्यावर उत्तराखंडातल्या एका लहानशा बर्फाळ उतारावर बदली झाली. तिथे जुनी चेअरलिफ्ट होती. वर एक मोठं चाक, खाली एक, त्यांच्यामधून फिरणारं पोलादी दोराचं अखंड कडं, आणि त्या दोराला चिमट्यांनी पकडलेल्या खुर्च्या. डिसेंबर-जानेवारीत बर्फ पडला की स्की खेळणारे येतात, त्याआधी सगळं तपासून तयार ठेवायचं. महिने तेच, आश्विन-कार्तिक. मी पहिल्यांदा कापूस मागितला तेव्हा भांडारातून दवाखान्यातलं बंडल आलं आणि पोरं हसली. बोळा दोरावरून फिरवल्यावर तंतू अडकले, तेव्हा हसायची थांबली.

तिथे चिरा शोधायला रॉकेल-खडू नव्हते, तीन फवाऱ्याचे डबे होते. पहिला स्वच्छ करायला, दुसरा लाल रंगाचा, तिसरा पांढऱ्या पुडीचा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. चिमट्यांचं मात्र नव्याने शिकलो: ते ठरावीक काळाने दोरावर थोडे सरकवावे लागतात, नाहीतर दोर एकाच जागी चेपून थकतो. आणि चिमटा घसरतो का, हे जोर लावून ओढून बघावं लागतं. एका वर्षाअखेरीस, खोल्या भरलेल्या असताना, काही चिमटे घसरले. त्या खुर्च्या मी उतरवून ठेवल्या. व्यवस्थापकाने विचारलं, पाहुण्यांना काय सांगू? मी मराठीतही नाही, सरळ अहिराणीत उत्तर दिलं. त्याला कळलं नाही, पण त्याने वादही घातला नाही.

सुट्टीत घरी आलो की चाचांना सगळं सांगायचो. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सन व्हॅलीला उभी राहिली. ती कल्पना जेम्स करन या युनियन पॅसिफिक रेल्वेच्या अभियंत्याची. त्याने आधी जहाजांवर केळीचे घड चढवायची यंत्रणा पाहिलेली होती. घडाच्या आकड्याच्या जागी त्याने खुर्ची टांगली. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला ही गोष्ट सांगण्यात वेगळीच मजा आहे. चाचा बराच वेळ हसले. “केळं उतरनात, मानसं बठनात,” म्हणाले. मग लगेच विचारलं, घड पडला तर घड जातो, माणसासाठी त्याने काय वाढवलं? मी ब्रेक, दोर ताणून ठेवणारं वजन, असं एकेक सांगत गेलो. प्रत्येकावर त्यांचा प्रश्न होताच, आणि दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मला परत जाऊन शोधावी लागली.

एकदा बदललेल्या दोराचा हातभर तुकडा त्यांच्यासाठी घेऊन आलो होतो. त्यांनी तो पक्कडीने उलगडला. वरून चकचकीत, आत तांबूस पूड. ती बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवली आणि ग्रीस वरवर लावणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा त्यांना नीट दिसतही नव्हतं.

बर्फ त्यांनी पाहिला नाही. या म्हटलं तर थंडीचं कारण सांगायचे. पैसे मात्र घेतले. मी पाकीट पुढे केलं, त्यांनी नोटा मोजल्या, अमळनेरच्या त्या रकमेशी ताडून पाहिल्या आणि वरच्या जास्तीच्या परत दिल्या. व्याज द्यायचंच असेल तर एक डबा चांगलं ग्रीस आण, एवढंच म्हणाले. मी दोन नेले.

२०२२च्या रामनवमीला झारखंडात त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेला अपघात झाला, तीन माणसं गेली आणि कितीतरी जण रात्रभर हवेत अडकून राहिले. त्या दिवसांत मला चाचांची फार आठवण झाली. ते जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती.

पाळणा आता त्यांचा नातू बघतो. मी निवृत्त झाल्यापासून पितृपक्षात पारोळ्याला जातो, गोदामात खुर्ची टाकून बसतो. रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून फवाऱ्याचे डबे मी नेतो. यंदा पोचलो तर दोन खुर्च्या आधीच खाली उतरवून ठेवलेल्या, समोरासमोरच्या, आणि नव्या मालकाशी नातवाचं जोरात भांडण चाललेलं. मालक म्हणत होता, पिनांचे पैसे तुझ्या मजुरीतून कापीन. नातू म्हणाला, पिना तुमच्या, पैसे तुमचे, आणि आगाऊ चार पिना जास्तीच्या हव्यात, दसऱ्याला लेथ बंद असतो.