खणखणाट

लास व्हेगास, रात्र. फ्रीमाँट स्ट्रीटवरचं ‘एल कोर्टेझ’ हे कॅसिनो-हॉटेल १९४१ सालचं. इथल्या जुगाराच्या काही यंत्रांत अजून खरी नाणी पडतात. बाकी शहरात बहुतेक ठिकाणी जिंकलात तरी छापील पावतीच हाती येते. क्वार्टरचं नाणं टाकलं, दांडा ओढला. हरलेच. तेवढ्यात शेजारच्या आजींच्या ताटलीत नाणी कोसळली, आणि काय तो खणखणाट! नाणी हाताळून बोटं काळी झाली होती त्यांची.

एकोणिसाव्या शतकाअखेर सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फेनं ‘लिबर्टी बेल’ नावाचं असंच यंत्र बनवलं. तीन चक्रं, तीन घंटा जुळल्या की ५० सेंट. बस्स.

मग मी वळले ‘सिग्मा डर्बी’ या घोड्यांच्या शर्यतीच्या यंत्राकडे. काचेखाली प्लास्टिकचे पाच घोडे, अडखळत पळणारे. माझा मागेच राहिला. तरी मी ओरडत होते, महालक्ष्मी रेसकोर्सवर उभी असल्यासारखी. सात डॉलर गेले.